आईंचे दहा अंश

माझ्या सासऱ्यांना गाडी चालवताना लांबचा चष्मा लागतो आणि फोनवरचा आकडा वाचायला जवळचा. दोन्ही एकाच चष्म्यात बसवून मिळतात, हे मी त्यांना सांगून पाहिलं होतं. "तसल्या चष्म्यातून जिना उतरताना एक पायरी जास्त दिसते," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. त्यामुळे गाडीच्या गिअरबॉक्समधलं तेल किती तापलंय हे वाचून सांगायचं काम सासूबाईंकडे आलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

आधी गाडीचं सांगते. बाबा, म्हणजे माझे सासरे दिगंबर, पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होते. पानशेतच्या वरच्या डोंगरांत सरकारी जीप फिरवण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावरही महिन्यातून एकदा तरी ते तिकडे जायचे. कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, "मोजलेलं अजून जागेवर आहे का ते बघायला." मग त्यांचा डावा गुडघा गेला. तो बदलला, पण क्लच काही त्यांना दाबवेना. आता हे सोसायटीच्या बागेत फेऱ्या मारतील आणि माळ्याला सल्ले देतील, अशी माझी समजूत होती. त्यांनी एक वापरलेली गाडी आणली. ऑटोमॅटिक, चारही चाकांना ताकद देणारी आणि आमच्या कर्वेनगरच्या पार्किंगमध्ये दीड गाडीची जागा खाणारी. सोसायटीच्या चेअरमननी तिच्याबद्दल दोन वेळा सूचना लावली. बाबांनी दोन्ही सूचनांमधलं शुद्धलेखन सुधारून दिलं.

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये पायाने दाबायचा क्लच नसतो, तेल असतं. इंजिन ते तेल घुसळतं आणि त्या घुसळण्याने चाकं फिरतात. हमरस्त्यावर हे सुखाने चालतं. उभ्या चढावर गाडी रांगायला लागली की इंजिन घुसळत राहतं, चाकं फारशी फिरत नाहीत आणि सगळा जोर तेल तापवण्यात जातो. तेल फार तापलं की करपतं, आणि मग गिअरबॉक्स जळतो. हे मला आज पाठ आहे. तेव्हा घरात कोणालाच माहीत नव्हतं.

बाबांना जीपची सवय. चढावर थांबायची वेळ आली तर ते ब्रेक लावत नसत, अर्ध्या क्लचवर जीप जागच्या जागी पेलून धरत, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. नव्या गाडीत क्लच नव्हता, तर ते नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर तेच करायला लागले. पहिल्याच हिवाळ्यात एका डोंगरात गाडी करपट वास सोडून बसली. क्रेनला अडकवून ती कर्वेनगरात आणली तेव्हा रविवारची संध्याकाळ होती आणि सगळी सोसायटी गॅलरीत होती. चेअरमन तर खाली उतरून आले होते.

माझा नवरा अनंत फारसं बोलणारा माणूस नाही, पण त्या दिवशी बोलला. गाडी पुन्हा एकदा अशी ओढून आणावी लागली तर किल्ली त्याच्याकडे राहील, असं त्याने बाबांना सांगितलं. बाबांनी वाद घातला नाही. जो माणूस रिक्षावाल्याशी वळण कुठून घ्यायचं यावर कात्रजपर्यंत वाद घालू शकतो, तो गप्प बसला म्हणजे घाबरला होता. त्या गुडघ्याने ते डोंगर चढू शकत नव्हते. किल्ली गेली की डोंगर गेले, इतकं ते सरळ होतं. मला त्यांचं वाईट वाटलं आणि अनंतचंही चुकत नव्हतं. अशा वेळी सुनेने काहीतरी वस्तू विकत आणावी, म्हणजे बाजू घ्यावी लागत नाही. मी स्टिअरिंगखाली लावायची एक डबी आणली. ती गाडीतलं सगळं मोजते आणि फोनवर दाखवते. गिअरबॉक्सच्या तेलाचा आकडा त्यात मोठ्या अक्षरात यायचा. बाबांच्या दृष्टीने तरी छोट्याच.

मग बाबा अभ्यासाला लागले. तेल नव्वदच्या आसपास असलं तर काळजी नाही. एकशे दहा झालं की थांबायचं. थांबल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, कारण तेल फिरवणारा पंप इंजिनवरच चालतो. गाडी न्यूट्रलला घ्यायची, इंजिन थोडं वाढवून चालू ठेवायचं आणि तेल निवू द्यायचं. चढ फार असेल तर आधीच थांबून 'लो' टाकायचं, म्हणजे गाडी हळू जाते पण चाकांना जोर मिळतो आणि तेल उगाच घुसळत नाही. हे सगळं त्यांनी आम्हाला जेवताना ऐकवलं, आणि सलग काही जेवणं ऐकवलं.

आई, म्हणजे मंदाकिनीबाई, पुढच्या सीटवर फोन हातात धरून बसायला लागल्या. बाबा विचारायचे, "किती?" आई सांगायच्या. कधी मी मागे असायचे. दुसऱ्याच खेपेला माझ्या लक्षात आलं की फोनवर शहाण्णव आहे आणि आई एकशे सहा म्हणतायत. मला वाटलं, त्यांनाही चष्मा बदलायला झालाय. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात विचारलं. त्या कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता मलाच विचारलं, "आपलं हॉलमधलं घड्याळ दहा मिनिटं पुढे का ठेवलंय?"

आमच्याकडे सगळं असंच पुढे असतं. पाहुण्यांना जेवायला साडेसातला बोलावायचं असेल तर सात सांगायचं. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी दोन महिने विश्रांती सांगितली, तर आईंनी बाबांना तीन सांगितली. हे सगळं प्रेमापोटी. माणसं आपली आहेत, ती उशीर करणार, हलगर्जीपणा करणार, म्हणून आपण आपल्याकडून थोडी भर घालून ठेवायची. माझ्या माहेरी शनिवार पेठेत घड्याळ बरोबर असायचं आणि माणसं पुढे असायची, त्यामुळे मला हे नवीन होतं. पण गाडी एकदाही बंद पडत नव्हती. मी सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करते. जे चाललंय त्याला हात लावू नये, हे मी नोकरीतच शिकले.

वर्षभर असं चाललं. मग माघात अनंतच म्हणाला की एकदा तो स्वतः येऊन बघणार. बाबा पंचाहत्तरीकडे चाललेले, त्यात अलीकडे त्यांच्याच वयाच्या एका ओळखीच्यांची गाडी घाटात दरीच्या कठड्याला लागली होती. अनंतला किल्ली आत्ताच काढून घ्यायची होती. बाबा म्हणाले, "ये. बघ. गाडी वर पठारावर जाऊन धडपणे परत आली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही." अनंत हो म्हणाला.

त्या रविवारी सकाळी आई डबे भरत होत्या आणि मी थर्मासला झाकण बसवत होते. आई हळूच म्हणाल्या, आज मी फोनवरचे खरे आकडे सांगणार. नेहमीसारखे दहा वाढवले तर बाबा लवकर थांबतील, दोन-तीनदा जास्त थांबतील, आणि मागे बसलेल्या अनंतला वाटेल की गाडी झेपत नाही. मला ते पटलं. परीक्षेच्या दिवशी तरी पेपर खरा असावा.

खडकवासल्यापर्यंत बाबा अगदी नियमाने चालले. इतक्या नियमाने की मागच्या मोटारसायकलींनी हॉर्न वाजवून जीव घेतला. पानशेतच्या पुढे डांबर संपलं, धरणाचं पाणी खाली राहिलं आणि पठाराचा दगडी चढ सुरू झाला. तिथे बाबांचं सगळं अंग बदलतं. खांदे खाली येतात, आवाज बारीक होतो. कुठे दगड सुटा आहे, कुठे चाक कोणत्या बाजूला ठेवायचं, ते त्यांना न बघता कळतं. अनंतने हे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तो फोनमधून मान काढून पुढे बघायला लागला आणि मला बरं वाटलं.

"किती?" बाबांनी विचारलं.

आईंनी अठ्ठ्याण्णव सांगितलं. मी वाकून पाहिलं, अठ्ठ्याण्णवच होतं. बाबा मजेत पुढे निघाले. चढ वाढला. एकशे चार झालं, मग एकशे नऊ. आता थांबतील, लो टाकतील, असं मला वाटलं. जागाही होती. ते थांबले नाहीत. अनंतसमोर थांबायला नको वाटत असेल, असं मी मनात म्हटलं. एकशे चौदा. आईंनी तो आकडा जरा मोठ्याने सांगितला. बाबांनी नुसतं "हं" केलं.

तेवढ्यात वरून म्हशी आल्या. गेनबा नावाचे पठारावरचे एक शेतकरी त्यांच्या मागे होते. पूर्वी बाबांच्या सर्व्हेच्या टोळीत ते जमीन मोजायची साखळी धरायचे. त्यांनी काठी आडवी धरून सांगितलं, "सायेब, दमानं. बुजऱ्या हायेत." रस्ता एका गाडीचा. बाबा थांबले, पण जुन्या सवयीने. ब्रेकवर नाही, अ‍ॅक्सिलरेटरवर. गाडी चढावर जागच्या जागी घुरघुरत उभी राहिली आणि म्हशी एकेक करून, आमच्याकडे सावकाश बघत, कडेने गेल्या. म्हशीला कुठे घाई असते!

"एकशे एकवीस," आई म्हणाल्या. आणि लगेच, "अहो, एकशे सव्वीस."

"ठीक आहे. वळणावर थांबतो."

वळणापर्यंत जाणं झालं नाही. स्टिअरिंगसमोर तांबडा दिवा लागला, करपट वास आला आणि गाडी ढिली पडली. इंजिन ओरडत होतं आणि चाकं ऐकत नव्हती. बाबांनी हँडब्रेक ओढला. दरवाजा उघडून अनंत खाली उतरला, चाकामागे दोन दगड लावले आणि परत खिडकीशी आला. त्याचा चेहरा मी बघितला. त्याला आनंद झाला नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

बाबांनी मात्र सगळं बरोबर केलं. न्यूट्रल, इंजिन चालू, पाय अगदी हलका. बॉनेट उघडायला अनंतला सांगितलं. फोनवर आकडा एकशे एकतीसवर थांबला, थोडा वेळ तिथेच राहिला आणि मग एकेक करून उतरायला लागला. गिअरबॉक्स वाचला होता. आता कोणीतरी बोलणं भाग होतं.

"बाबा," अनंत म्हणाला, "एकशे दहाला थांबायचं हे तुम्हीच ठरवलेलं. आई प्रत्येक आकडा सांगत होती. तुम्हाला ऐकू आलं नाही का?"

"ऐकू आलं."

"मग?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. "ती एकशे वीस म्हणाली म्हणजे एकशे दहा असतात. ती दहा वाढवते. मला गेल्या वर्षीच कळलं. चहाला थांबलो तेव्हा जवळचा चष्मा लावून पाहिलं होतं. तेव्हापासून मी दहा वजा करतो."

आई त्यांच्याकडे वळल्या. "आज मी खरे सांगत होते."

"मग आज खरे सांगतेस हे आधी सांगायला नको?"

अनंतला हसू फुटलं. मलाही आवरेना. वर्षभर एक जण दहा मिळवत होता, दुसरा दहा वजा करत होता, आणि गाडी दोघांच्या मधल्या खऱ्या आकड्यावर सुखरूप चालली होती. ज्या दिवशी एकाने खरं बोलायचं ठरवलं, त्या दिवशी गाडी बसली. ऑफिसात सांगितलं असतं तर कोणाचा विश्वास बसला नसता. बाबासुद्धा ओशाळून हसले. गेनबाही काही न कळता हसले.

आई हसल्या नाहीत. त्यांनी फोन मांडीवर उलटा ठेवला.

"दिवाळीत मी तुम्हाला म्हणाले होते, छातीत दुखतंय," त्या म्हणाल्या. "तेव्हा किती वजा केलेत?"

आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. अनंतने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. आम्हाला दोघांनाही हे माहीत नव्हतं. त्यांनी ते एकाच माणसाला सांगितलं होतं.

बाबांना खोटं बोलता आलं असतं. आठवत नाही म्हणता आलं असतं.

"निम्मं," ते म्हणाले. "फराळाचं करून दमली असशील असं धरलं. तू पुन्हा काही बोलली नाहीस."

"एकदा सांगून झालं होतं."

"अजून दुखतं?"

"जिना चढताना. बसलं की जातं."

"आज?"

"सकाळी डबे भरताना जरा."

तेव्हा मी तिथेच, त्याच ओट्याशी थर्मास घेऊन उभी होते. त्यांनी मला गाडीच्या आकड्यांचं सांगितलं होतं आणि हे नाही. मला रडू यायला लागलं, म्हणून मी उतरून उगीच दगड नीट बसलेत का ते बघून आले.

तेल नव्वदपर्यंत उतरलं. गेनबा बाबांना म्हणाले, "वर चला की सायेब. च्या टाकतो. आता थोडंच हाय." पठाराचा काठ तिथून दिसत होता. अनंतही म्हणाला की लो टाकून सावकाश जाता येईल, तेवढ्याने काही होत नाही. हे त्याने मुद्दाम म्हटलं. गाडी ओढून न्यावी लागणार नव्हती, अटीप्रमाणे किल्ली अजून बाबांचीच होती, आणि वर जाऊन आले असते तर विषय कायमचा मिटला असता. बाबांनी गेनबांना सांगितलं की पुन्हा कधीतरी.

त्यांनी लो टाकलं आणि त्या अरुंद जागेत, अनंतला दगड काढायला लावून, पुढे-मागे करत गाडी वळवली. इतकी सफाई मी आयुष्यात पाहिलेली नाही. एक चाक दरीच्या बाजूला होतं. गाडीचं तोंड खाली झाल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि अनंतच्या हातात दिली.

"तू चालव. मी मागे बसतो."

"बाबा, मी मागितली नाही."

"मला माहीत आहे. मला हिच्याशी बोलायचंय, आणि चालवताना माझं लक्ष लागणार नाही."

मी पुढे आले, आई-बाबा मागे बसले. अनंत उतारावर अगदी वाईट गाडी चालवतो. खालच्या गिअरमध्ये इंजिनलाच गाडी धरू द्यायचं सोडून तो सगळा उतार ब्रेकवर उतरला. इतर दिवशी बाबांनी त्याला पहिल्या वळणावर खाली उतरवलं असतं. फोन माझ्या हातात होता, पण मागून एकदाही "किती?" आलं नाही. मागून वेगळेच प्रश्न येत होते. कधी सुरू झालं. कुठे दुखतं. हातात येतं का. आई आधी तुटक उत्तरं देत होत्या, मग जरा सविस्तर द्यायला लागल्या. बाबा मध्येच त्यांचं वाक्य परत म्हणून दाखवायचे, मोजणी उतरवून घेताना म्हणत असतील तसं. धायरीच्या अलीकडे ते अनंतला म्हणाले, "घरी नको. सरळ दवाखान्यात घे."

आई म्हणाल्या, रविवारचं कोण असतं तिथे. कोणी तरी होतं. एक तरुण डॉक्टर मुलगी होती, तिने आईंना लगेच आत घेतलं, छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली, ती पट्टी दोनदा पाहिली आणि मोठ्या डॉक्टरांना फोन केला. अनंत गाडी लावायला जागा शोधत बाहेर फिरत होता. पुण्यात ते काम तासाभराचं. किल्ली त्याच्याचकडे राहिली होती आणि बाबांच्या ते लक्षातही नव्हतं. ते आईंची पर्स दोन्ही हातांनी धरून पलंगाशी उभे होते.

डॉक्टर मुलगी कागद घेऊन आली. दुखणं एक ते दहामध्ये किती वाटतं, असं तिने आईंना विचारलं. दहा म्हणजे सहनच होत नाही इतकं.

आईंनी थोडा विचार केला. "असेल तीन," त्या म्हणाल्या.

डॉक्टर लिहायला लागली. बाबा पुढे झाले.

"सात लिहा," ते म्हणाले.

डॉक्टरने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आईंकडे. आई छताकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे गेलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. नाही असंही त्या म्हणाल्या नाहीत. डॉक्टरने तीन खोडून सात लिहिलं.